कंसातला खोकला

(खोकला). ऐचुरेकने कंस पूर्ण केला आणि व्हिडिओ पुढे सरकवला.

पडद्यावर आई लोकर काठ्यांनी झोडपत होती. शिर्दाकची, नमद्याच्या नक्षीदार गालिच्याची, सुरुवात अशीच होते. आधी लोकर मोकळी करायची, मग तिचा नमदा लाटायचा. आई गेल्यानंतरच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण होऊन आठवडा झाला होता. तिचे चौदा व्हिडिओ कोणालाच सापडत नव्हते. शोधणारं यंत्र हात बघत नाही, शब्द वाचतं. किर्गिझ बोलणं त्याला नीट कळत नाही, म्हणून ऐचुरेक व्हिडिओखालची एकेक ओळ स्वतः टाइप करत होती. महिन्यातून एकदा बिश्केकहून येऊन हे व्हिडिओ तिनेच काढले होते. आई शोधात सगळ्यांत वर दिसायला हवी होती.

तिसऱ्या व्हिडिओत एक खोकला. सहाव्यात चार. नवव्यात आई काठी टेकवून भिंतीला धरून उभी राहिली.

"एजे, खोकले कशाला लिहितेस?" धाकटा भाऊ बेक्तेमिर चहाची वाटी ठेवत म्हणाला. "लोक शिर्दाक शोधतात."

"जे ऐकू येतं ते लिहायचं असतं. एका छपराखाली राहून तुला ऐकू आलं नाही. आता वाच."

"धूळ आहे, असं आईच म्हणायची. कोच्कोरमध्ये लोकर झोडणारी कुठली बाई खोकत नाही?"

"डॉक्टरांनाही हेच सांगितलंस?"

पाव मोडून त्याने तिच्यासमोर ठेवला. तिने हात लावला नाही.

"अकरावा राहू दे," तो दाराशी थांबून म्हणाला. "त्याला ओळी नको लावू."

"का? काय आहे त्यात?"

"काही नाही. राहू दे, एजे."

म्हणजे त्यात तोच असणार. ऐचुरेकने कानांवर हेडफोन चढवले आणि अकरावा लावला.

आई नमदा कापत होती. रेघ चुकली, ती हसली, पुन्हा कापू लागली. शेवटच्या मिनिटाला खोकला आला आणि थांबेना. ऐचुरेकने कंस लिहिला. मग कॅमेऱ्यामागून कोणीतरी बोललं. बोलणाऱ्याचं नाव आधी लिहायचं, हा तिचाच नियम. बोटांनी तो पाळला.

ऐचुरेक: आई, आवाज खराब होतोय. बाहेर जाऊन खोकून ये, मग परत घेऊ.