मोजणीपुरती शांतता

शेजारच्या मोठ्या दुकानाच्या जनरेटरना वस्तीलगत मंजुरी द्यायची की नाही, हे आमच्या स्वयंपाकघरात आवाज मोजून ठरणार होतं. नियमाप्रमाणे घरातल्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. “मागच्या खोलीतल्या खोकल्यानं आकडा चुकतोय,” तपासनीस म्हणाले. मी दाराआडून दमेकरी सासऱ्यांना सांगितलं, “बाबा, जरा कळ काढा. आकडा जास्त आला तर ही पीडा इथून हलेल.” जनरेटर धडधडू लागले आणि खोकला थांबला. “बघा, आजोबांना धूर मानवला!” दुकानाचा मॅनेजर हसला. पण दम्याचा खोकला असा एकाएकी थांबत नाही. मी धावत जाऊन दार ढकललं. खोली धुरानं भरली होती. बाबा पलंगावर ताठ बसले होते, तोंडात टॉवेलचा बोळा, ओठ निळे. मी बोळा ओढून काढला. कसाबसा श्वास घेत त्यांनी विचारलं, “पोरी, आकडा जास्त आला?”