कारण: पाळी

रंजनाच्या पोटात सकाळपासून कळा येत होत्या. सुट्टी हवी म्हणून तिने बिस्कीट कारखान्याच्या नव्या ॲपवर खरं कारण लिहिलं: पाळी आली आहे. ॲपने लगेच कळवलं, "धन्यवाद. तुम्हाला आज दुसरी पाळीही दिली आहे."

पोट दाबत ती खात्याचे सुपरवायझर पोतदार साहेब यांच्या टेबलासमोर उभी राहिली.

"ताई, असलं लिहितात का? अडचण आहे म्हणायचं," साहेब कुजबुजले.

"अडचण तुम्हाला आहे, साहेब. मला पाळी आहे."

बिस्किटांच्या सरकत्या पट्ट्यावरच्या बायका फिदीफिदी हसल्या. साहेबांनी ॲपवाल्याला फोन लावला. "अहो, ते बायकांचं... महिन्याचं असतं ना, ते."

"पगाराचं का, सर?"

"पाळी हो, पाळी," साहेब शेवटी ओरडलेच. अख्ख्या खात्याने वळून पाहिलं.

"मग तसं सांगा ना," पलीकडचा म्हणाला. "कोणती, पहिली की दुसरी?"

साहेबांनी फोन ठेवला. "जा घरी, रंजनाताई. सुट्टी मी हाताने लिहितो."

"आणि पट्ट्यावर माझ्या जागी कोण?"

ॲपला विचारायची साहेबांची हिंमत झाली नाही. त्यांनी मुकाट्याने डोक्याला जाळी चढवली आणि ते पट्ट्यावर बायकांच्या रांगेत जाऊन उभे राहिले.