चौथा प्लग

चौथा प्लग योगिनीच्या मुठीत होता आणि शेखर तो अंगणभर शोधत होता.

पिकअपची सीट उचलून ठेवलेली होती. खाली इंजिन उघडं पडलं होतं. तीन नवे स्पार्क प्लग बसले होते. चौथ्याचं भोक रिकामं होतं. शेखरने खोकं उलटं करून झटकलं, चाकाखाली वाकून पाहिलं.

"काल चार आणले होते," तो म्हणाला. "मी स्वतः बघून घेतले."

"येताना पडला असेल कुठे." आपला आवाज एवढा साधा कसा आला, याचं योगिनीलाच नवल वाटलं.

गाडीचं डावीकडचं दार नवं होतं, त्याला अजून रंगही दिलेला नव्हता. हरसूलच्या घाटात गाडी त्याच बाजूने कठड्यावर आदळली होती आणि त्याच बाजूला दत्तू बसला होता. माल चढवायला-उतरवायला कायम सोबत असणारा, शेखरचा जुना दोस्त. शेखरला नुसतं खरचटलं. दत्तू गेला. तेव्हापासून शेखर ताटावर बसायचा आणि ताट तसंच पुढे सरकवायचा. कुणाशी बोलायचा नाही. गाडी गॅरेजमधून आली तरी तो तिच्याजवळ फिरकला नव्हता.

आज मात्र तो दाढी, अंघोळ करून बाहेर आला. लेकीला, वेदिकाला, मांडीवर घेऊन बसला. मग चहा पिता पिता योगिनीला म्हणाला, "गाडी झटके खातेय, मिसिंग करतेय, असं गॅरेजवाला म्हणत होता. नवे प्लग टाकून ठेवतो. उद्या विकायची झाली तर गिऱ्हाइकाला सांगता येईल तुला."

"मला कशाला सांगावं लागेल? तुम्ही कुठे निघालात?"

"हरसूलच्या घाटात." त्याने कप खाली ठेवला. "प्लग बदलतो आणि जातो."

जातो.

लग्न होऊन आल्यापासून योगिनीने या घरात तो शब्द ऐकला नव्हता. सासूबाई, सगुणाबाई, दूधवाल्यालासुद्धा तसं म्हणू देत नसत. "जातो काय रे, येतो म्हण," असं त्याला फाटकातून परत बोलवून म्हणायला लावायच्या. पण आज त्या मेथी निवडत होत्या. मान वर न करता निवडतच राहिल्या. ऐकलंच नसावं त्यांनी. त्यांना सांगायचं तरी कोणत्या तोंडाने? परवाच त्या म्हणाल्या होत्या, "नवऱ्याच्या मागं मागं किती फिरशील गं? जरा मोकळं सोड त्याला."

योगिनीने मोरीत जाऊन नळ सोडला आणि दिराला फोन लावला. रोहित निफाडला होता. तिचं बोलणं त्याने पुरतं ऐकूनही घेतलं नाही.

"निघालोच, वहिनी. मी येईपर्यंत दादाला गुंतवून ठेवा. गाडी सुरू होऊ देऊ नका."

गाडी सुरू कशी होऊ द्यायची नाही, हे बीएस्सीला कुणी शिकवलं नव्हतं. ती बाहेर आली. शेखर पाना घ्यायला वळला आणि तिने खोक्यातला शेवटचा प्लग उचलला.

"जुनाच बसवतो तात्पुरता," शेखर आता म्हणाला आणि पायरीकडे वळला. काढलेले जुने प्लग त्याने तिथे ठेवले होते. पायरी स्वच्छ होती.

"आई, इथले जुने प्लग?"

"ती काळी बोंडं? भंगारवाल्याला दिली."

"विचारायचं तरी."

"पोरीनं तोंडात घातली असती म्हंजी? आन् तू लय विचारून करतोस का सगळं?"

सासूबाईंच्या वेंधळेपणाचा योगिनीला पहिल्यांदाच आधार वाटला. रविवार होता. स्पेअरची दुकानं बंद होती.

शेखर घरात शिरला, त्याच्या मागोमाग योगिनीही. टीव्हीमागे, खिडकीत, हत्यारांच्या पिशवीत हात घालत तो तिच्याच दिशेने येऊ लागला. योगिनी घाबरली. मागे वेदिकाच्या भातुकलीची टोपली होती. तिने मूठ तिच्यात मोकळी केली.

"तू उचललास का?"

"मी काय करू त्याचं?" तिने दोन्ही तळवे पुढे केले. तळव्यांना ग्रीस लागलं होतं. ते दोघांनाही दिसलं.

तेवढ्यात वेदिका तिच्या पायांमधून पुढे आली. दोन्ही हातांत प्लग धरून.

"बाबा, हे तुझं?"

शेखरने तो घेतला. वेदिकाच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग बाहेर गेला.

"मी पण येते," योगिनी मागोमाग धावली. "वेदिकाला घेते. दोन मिनिटं थांबा."

"नको."

"मग जेवून तरी निघा."

"नको, योगिनी."

प्लग हाताने फिरत आत गेला. मग पान्याने आवळला. वायर बसली. सीट धपकन खाली आली. योगिनी गाडीसमोर जाऊन उभी राहिली. हातातल्या फोनवर रोहितचा मेसेज उजळला. चांदोरीपर्यंत आलोय. म्हणजे अजून कितीतरी लांब.

"बाजूला हो," शेखर म्हणाला. त्याचा आवाज अजिबात चढला नव्हता. त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

सीटवर बसून त्याने किल्लीसाठी हात नेला. तिथे किल्ली नव्हती. खिसे चाचपले. मग घराच्या दाराशेजारच्या खिळ्याकडे पाहिलं. खिळाही रिकामा होता. त्याने योगिनीकडे पाहिलं. तिने मान हलवली. किल्ली घ्यायचं तिला सुचलंच नव्हतं.

सगुणाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. हाताला मेथीची माती तशीच होती. त्यांनी कमरेला खोचलेली पुरचुंडी काढली आणि गाठ सोडली. आत चार काळे प्लग होते. आणि किल्ली.

त्या पुढे आल्या नाहीत. उंबऱ्यातूनच त्यांनी किल्ली धरून दाखवली.

"आधी येतो म्हण," त्या म्हणाल्या. "मग देते."