दुसऱ्या रकान्यातलं शून्य

“हिच्या बॅटिंगला शून्य आणि इथेही शून्य!” भारंबे सरांनी स्कोअरशीटवर बोट आपटलं. “अगं, राज्याच्या बेसबॉल संघात हिला घेऊन करू काय?”

“सर, तो दुसरा रकाना सुटलेल्या चेंडूंचा आहे,” मी तिसऱ्यांदा सांगितलं. नोंदी मीच ठेवत होते. “पिचरने टाकलेले चेंडू कॅचर बॅटिंग करणारीच्या मागे बसून अडवते. हर्षालीच्या हातून पाच सामन्यांत एकही सुटला नाही, म्हणून शून्य.”

“मग अडवलेले कुठे लिहिलेत?”

“ते लिहीत नाहीत, सर.”

“झालं! न लिहिलेलं मी समितीला दाखवू कसं?” त्यांनी हर्षालीचं नाव खोडून दोन होमरन मारणाऱ्या मुलीचं लिहिलं. हर्षाली मान खाली घालून गुडघ्यांचे पॅड सोडू लागली.

पिचर ऋजुता पुढे आली. “सर, मग मी माझा ऐनवेळी खाली पडणारा चेंडू टाकणार नाही.”

“का? त्यावरच तर आपण जिंकलो!”

“ही अडवते म्हणून टाकते. नाहीतर तो मागे जातो आणि समोरच्यांना धाव मिळते.”

सर वैतागून माझ्याकडे वळले. “हे कुठल्या रकान्यात आहे?”

“कुठल्याच नाही, सर.”

त्यांनी पेन माझ्यापुढे धरलं. “मग आख ना एक! समितीला काहीतरी दाखवायला नको?”