ठकूचं सुंदर अक्षर

पुण्याचे गाजलेले गायक नट भोरच्या शाळेत बक्षिसं वाटायला आले, तेव्हा अख्खं गाव लोटलं. "सुंदर अक्षराचं बक्षीस त्या अस्पृश्य मुलीला!" असं त्यांनी व्हरांड्यात एकटीच बसलेल्या ठकूकडे बोट दाखवून म्हटलं मात्र, पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "बुवा, तो शब्द आता जुना झाला. हरिजन म्हणा!" बुवांनी भरसभेत कान पकडले, आणि टाळ्या तर काय पडल्या म्हणता!

ठकू हरखूनच गेली. एवढा मोठा माणूस आपल्यापायी कान पकडतो, म्हणजे उद्यापासून आपण वर्गात बसणार, सगळ्यांच्या माठातलं पाणी पिणार, याची तिला खात्रीच वाटली.

सकाळी गुरुजींनी चुन्याची वाटी तिच्यापुढं जमिनीवर ठेवली आणि व्हरांड्यातल्या तिच्या वेगळ्या मडक्याकडे बोट केलं. "ठके, ते 'अस्पृश्यांसाठी' पूस आणि छान अक्षरात 'हरिजनांसाठी' लिही."

"म्याच लिहू, गुरुजी?"


"मग? त्या मडक्याला दुसरं कोण हात लावील?"