विल्फच्या मागे दोनशे माणसं

विल्फ पोस्टलथ्वेट खुणेची फांदी सोडून डावीकडे वळला, ते टेसाने मागून पाहिलं.

फांदी उजवीकडे होती. कमरेएवढी उंच, हिरवीगार. कालच्या ओहोटीला बापलेकींनी मिळून किनाऱ्यापासून नदीच्या पात्रापर्यंत अशा चौदा फांद्या वाळूत रोवल्या होत्या. म्हणजे रोवल्या टेसानेच. विल्फ काठीने वाळू टोचत सांगत होता, इथे रोव, इथे नको. त्या रेषेच्या डावीकडची वाळू वरून अंगणासारखी सपाट आणि खाली नुसती पेज. मागच्याच आठवड्यात तिथे शिंपल्या गोळा करणाऱ्या एका कोळ्याचा ट्रॅक्टर गेला, तो अजून वर आलेला नाही.

विल्फच्या मागे दोनशे माणसं होती. खाडी पायी ओलांडायला रविवारी येतात तशी, कुणी कुत्र्यासकट, कुणी सासूसकट. गावातल्या रुग्णालयासाठी देणगी गोळा करायची म्हणून एका धिप्पाड गृहस्थाने पाठीला परीचे गुलाबी पंख लावले होते. चाळीस वर्षं ही वाट दाखवताना विल्फने एकही माणूस गमावलेला नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे फांद्यांकडे कुणी बघतच नव्हतं. सगळे विल्फच्या पाठीकडे बघून चालले होते.

दीड वाजला होता. सव्वातीनला भरती. इथली भरती पळणाऱ्या माणसालाही गाठते.

टेसाला महिनाभर संशय होता. बाबांचा चहा कपाबाहेर पडायचा आणि दोष कपाला मिळायचा. पण त्यांच्या घरात दुखण्याबद्दल बोलायची रीत नव्हती. तिच्या आईच्या छातीत कळ आली तेव्हा तिने आधी भांडी विसळली होती, मग सांगितलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ते घर.

ती भरभर चालत त्याच्या शेजारी आली.

"बाबा, फांदी उजवीकडे आहे."

"दिसतेय मला."

"मग इकडे कुठे निघालात?"

विल्फने काठी पुढे टोचली. काठी अर्ध्यापर्यंत आत गेली. तो थांबला. त्याच्यामागे दोनशे माणसं थांबली.

"काय विल्फ, वाट चुकलास की काय?" पंखवाला ओरडला. "माझ्या बायकोला विचार! तिला सगळंच ठाऊक असतं!"

हशा पिकला. टेसा लोकांच्या बुटांकडे बघत होती. बुटांभोवती पाणी जमायला लागलं होतं. या वाळूवर एका जागी उभं राहायचं नसतं, हे ती शाळेत जायच्या आधी शिकली होती. बाबांच्या गळ्यातली शिट्टी ओढून घ्यावी आणि जोरात फुंकावी, असं तिच्या मनात आलं. पण मग संध्याकाळपर्यंत गावातल्या दोन्ही पबमध्ये तोच विषय, आणि पुढच्या रविवारी बाबांना कुणी दारात उभं करणार नाही. पायाखाली पाणी चढतंय आणि आपण बापाची अब्रू जपत बसलोय, याची तिला भयंकर लाज वाटली. तिने शिट्टीला हात घातला.

"थांब," विल्फ हळूच म्हणाला. "फांदी किती लांब आहे?"

"तीसेक पावलं. बाबा, लोक रुततायत."

"लोकांना दिसतेय ती?"

"सगळ्यांना दिसतेय."

विल्फने मान हलवली. मग तो वळला आणि मोकळ्या वाळूवर बसलेल्या सीगल पक्ष्यांकडे तोंड करून उभा राहिला. टेसाने कोपराला धरून त्याला लोकांकडे वळवलं.

"मंडळी!" त्याचा आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता. "इथून पुढे माझी मुलगी नेणार! मी फक्त तिच्या चुका काढणार!"

टाळ्या पडल्या. हे ठरलेलंच होतं असं सगळ्यांना वाटलं. एका बाईने तर डोळे पुसले. विल्फने शिट्टी काढून टेसाच्या गळ्यात घातली आणि काठी तिच्या हातात दिली, तेव्हा पंखवाल्याने दोघांचा फोटोही घेतला.

ती उजवीकडे वळली. फांदी गाठली, मग पुढची. प्रत्येक फांदीजवळ आधी काठी टोचायची, मगच पाऊल टाकायचं. विल्फ तिच्या पाठीवरच्या पिशवीचा पट्टा धरून चालत होता.

"कधीपासून दिसत नाही?" तिने पुढे बघतच विचारलं.

"दोन वर्षं होतील."

"दोन वर्षं? आणि मागचा अख्खा उन्हाळा? अकरा वेळा नेलंत लोकांना!"

"तेव्हा मॉस होती ना," विल्फ म्हणाला.

मॉस म्हणजे त्यांची कुत्री. ती नेहमी चार पावलं पुढे असायची. मार्चमध्ये घरामागे सफरचंदाच्या झाडाखाली तिला पुरलं, तेव्हा विल्फ पावसात तासभर तिथून हलला नव्हता. टेसाला मागे वळून त्याच्याकडे बघायचं होतं. पण थांबायची सोय नव्हती, समोर नदी आली होती.

पाणी मांडीपर्यंत होतं. तिने शिट्टी फुंकली. एकामागून एक गेलं की पायाखालची वाळू सैल होते, म्हणून इथे सगळ्यांनी आडवी रांग धरायची. दोनशे माणसं बडबडत पांगली. कुत्री कडेवर गेली, पंख वर बांधले गेले. टेसाने काठी पाण्यात घातली आणि पहिलं पाऊल टाकलं. गार पाण्याने मागे किंकाळ्या उठल्या.

"विल्फ, धोका नाही ना रे?" पंखवाला ओरडला. या वेळी त्याच्या आवाजात मस्करी नव्हती.

"माझ्या मागे आहात तोवर कसला धोका?" विल्फने मोठ्याने उत्तर दिलं.

दोनशे माणसं हसली. पट्ट्यावरची त्याची पकड मात्र इतकी घट्ट झाली, की टेसाला खांदा वर उचलता येईना.