दुसऱ्याची आई

“माझी आई आंधळी आहे, मंडळी,” असं म्हणून वीरेशनं उपरण्यानं डोळे टिपले, आणि बायकांच्या बाजूला कुजबुज सुरू झाली.

कारण त्याची आई, गंगव्वा, पहिल्याच रांगेत बसली होती. त्याच सकाळी तिनं प्रसादाच्या तांदळातले खडे निवडले होते. शेजारच्या बयाबाईच्या सुपातलेसुद्धा, बयाबाईला दिसत नव्हते म्हणून.

वीरेशच्या ध्यानात काही आलं नाही. श्रावणातलं कीर्तन, पेठेतलं महादेवाचं देऊळ गच्च भरलेलं. तो पुढं सांगत राहिला. आंधळी आई कीर्तनाला कशी येते, खांबाला टेकून कशी बसते, मुलाचा आवाज आला की कशी हसते. पूर्वरंग संपला. साथीला बसलेल्या कृष्णातनं पेटीवर भजन धरलं आणि देवळाच्या कमिटीचे बाळासो हार घालायला उठले.

हार घालता घालता ते वीरेशच्या कानाशी वाकले. “बुवा, ही कॅसेट माझ्या घरातबी हाय. गारगोटीच्या गणपतबुवांची. हुंदका सुदीक तितंच घेतलासा की.”

वीरेशच्या हातातल्या चिपळ्या थांबल्या.

“उत्तररंग करा. मधनं उठवत न्हाय तुमास्नी,” बाळासो म्हणाले. “पर उद्यापास्नं दुसरा बुवा बघतो. आन् बाकीच्या गावांनी इचारलं तर मी खोटं बोलणार न्हाय.”

श्रावणाचा अख्खा महिना गावोगाव ठरलेला होता. वीरेशला दुसरं काही येत नव्हतं. त्यानं मान खाली घातली.

तिकडं बयाबाईनं गंगव्वाला कोपरानं ढोसलं. “गंगव्वा, तुला कवापास्नं गं दिसंनासं झालं?”

दोघीतिघी हसल्या. गंगव्वानं मुलाकडं पाहिलं. हार घातलेला, आणि तोंड पार उतरलेलं.

“परवापास्नं,” ती म्हणाली आणि तिनं डोळे मिटून घेतले.

“आन् सकाळचं खडं गं?”

“हाताला लागत्यात की.”

बेलाच्या पानांचं तबक फिरत आलं. गंगव्वानं हात पुढं केला तो भलतीकडंच. तबक धरणारी बाई गोंधळली. मग तिनंच गंगव्वाचा हात धरून त्यात पान ठेवलं. वीरेशनं ते पाहिलं.

भजन थांबलं. तो उत्तररंगाला उभा राहिला. आख्यानाचं पहिलं वाक्य तोंडात तयार होतं, तेही गणपतबुवांचंच.

“मंडळी,” तो म्हणाला, आणि पुढची बोली त्याच्या घरातली निघाली. “ह्ये कीर्तन माझं न्हाय. गारगोटीच्या गणपतबुवांचं हाय. कॅसेट लावून पाठ केलंय मी. आंधळी आई त्यांची. त्यांचं दुःख उचललं आन् माझ्या अव्वाच्या डोळ्यांवर बांधलं.”

बयाबाईनं वळून गंगव्वाकडं पाहिलं.

“माझ्या अव्वाला चांगलं दिसतंय. मी दारात आलो की जेवलोय का न्हाय, त्ये तिला तोंडावरनं कळतंय.” तो पहिल्या रांगेकडं वळला. “अव्वा, डोळं उघड.”

गंगव्वानं ते आणखी घट्ट मिटले.

वीरेशनं चिपळ्या खाली ठेवल्या. कृष्णातनं हळूच पेटीवर नामाचा गजर धरला. लोकांनी टाळ्यांची साथ दिली आणि अर्ध्यातच कीर्तन संपलं.

वीरेश घाईनं खाली उतरायला निघाला, तर समोर बाळासो. कीर्तन झालं की बुवाच्या जागेवर उभा असेल त्याच्या पाया पडायचं, तो लहान असो की मोठा, ही रीत. सत्तरीकडं झुकलेले बाळासो गुडघ्यावर हात ठेवून वाकले. वीरेश झटकन मागं सरला.

“नगा, काका. मगाशी तुमीच म्हणालासा...”

“त्ये तसंच हाय,” बाळासो म्हणाले. “उद्या दुसरा उभा ऱ्हाईल. आज तुमी हायसा. पाय पुढं घ्या.”

मग त्यांच्यामागं रांग लागली. कुणी नुसता हात लावून गेलं, कुणी काहीच न बोलता वाकलं. बयाबाईही वाकली. रांगेच्या शेवटी गंगव्वा होती. कुणाचा हात न धरता, वाटेत बसलेल्या पोरांना चुकवत ती नीट चालत आली.

ती बुवांच्या पाया पडायला वाकली. तो आईच्या पाया पडायला वाकला. दोघांची डोकी आपटली, आणि त्याच्या कपाळावरचं भस्म तिच्या कपाळाला लागलं.